वाळूतली घाण माझ्या हातची

सोसायटीच्या गेटजवळच्या टेबलावर सहा डब्या होत्या. प्लास्टिकच्या, निळ्या झाकणाच्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि पट्टीवर आमची नावं, आडनावासकट. आत आमचं त्या सकाळचं शौच. सेक्रेटरीसाहेब नाकाला रुमाल लावून एकेक नाव मोठ्यानं वाचत होते. ऑफिसची वेळ होती. गाड्या गेटाशी हळू होत होत्या, काचा खाली होत होत्या. माझं नाव आलं. मी पुढं झाले.

"झाकण घट्ट लावलं का? सांडलं तर तुलाच पुसावं लागंल," साहेब म्हणाले.

मी "व्हय" म्हणाले. आदल्या आठवड्यापर्यंत हाच माणूस मला "मावशी, तुम्ही" म्हणत होता.

मी तिथं बागेचं आणि झाडलोटीचं काम करायचे. सात वर्षं. शहराच्या सातारा परिसरातली सोसायटी, चार इमारती, मधे हिरवळ, कडेला गुलाबांचे वाफे आणि पोरांना खेळायला वाळूचा हौद. तिसऱ्या मजल्यावरची मनू, चार वर्षांची, दिवसभर त्या वाळूत. तिच्या पाठीवर लाल, नागमोडी रेघ उठली. रोज थोडी पुढं सरकायची. पोरगी खाजवून रडायची. डॉक्टरांनी सांगितलं, जंताची अळी आहे. जंत म्हटल्यावर सगळ्यांना आम्ही आठवलो. धुणंभांडी करणाऱ्या चौघी, वॉचमन रफिकचाचा आणि मी. सोसायटीत पाळलेली पाच कुत्री होती, ती कुणाला आठवली नाहीत.

तपासणीचा निकाल येईपर्यंत आम्हाला लिफ्ट बंद. नळाचं पाणी बंद. मनू मला हाक मारत पळत आली, तर तिच्या आईनं तिला दंडाला धरून मागं ओढलं. मी मान खाली घालून झाडत राहिले. त्या दिवसांत मला राग आलाच नाही. अंग बधिर झाल्यासारखं होतं.

निकाल आला. सहाही जणांचा साफ. तो कुणी मोठ्यानं वाचला नाही.

त्याच सुमारास माझ्या पायाला खाज सुटली. घोट्याखाली लाल रेघ, नागमोडी. मी सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरबाई तरुण होत्या. पाय हातात धरून बघितला त्यांनी. माझा पाय असा कुणी हातात घेतलेला मला आठवत नव्हता. त्यांनी विचारलं, "मातीत अनवाणी काम करता का?"

करतच होते. हिरवळीवर कामवाल्यांनी चपला घालायच्या नाहीत, असा नियम होता. आमच्या चपलांनी हिरवळ दबायची. त्यांच्या बुटांनी दबत नव्हती.

"हा कुत्र्याच्या पोटातला जंत," त्या म्हणाल्या. "त्याची अंडी घाणीतून मातीत पडतात. अळी होते, ती उघड्या कातडीतून शिरते. माणसात तिला वाट सापडत नाही, मग कातडीखालीच फिरते. शौचात ती दिसणार नाही. तुमच्यापासून दुसऱ्याला लागणारही नाही."

बाहेर येऊन बाकावर बसले. ती घाण वाळूपर्यंत कुणी नेली, ते मला माहीत होतं.

मीच नेली. साहेब शेतकऱ्याच्या घरातले, गावाकडं अजून जमीन आहे. खताची गोष्ट निघाली की त्यांचाच शब्द शेवटचा. दोन वर्षांपूर्वी म्हणाले, "कुत्र्याची घाण फेकायची कशाला? शेणासारखंच खत हाय ते." मीही खेड्यातलीच, मला ते पटलं. शेणात हात घालायला आपण कधी लाजलो? रोज सकाळी हिरवळीवरची घाण गोळा करायची, हौदामागच्या खड्ड्यात मातीत कालवायची, महिन्यानं हौदाभोवतीच्या वाफ्यांना घालायची. हातानं. पाणी दिलं की वाफ्यातली माती वाहून वाळूत उतरायची. हौदातली वाळू वरखाली करायचं कामही माझंच होतं. मनूच्या पाठीवरची रेघ माझ्या हातातून गेली होती. त्या पोरीला मी नातीसारखं जपत होते, आणि तिच्या अंगात ते मीच सोडलं.

चारच दिवसांनी साहेबांनी आम्हाला पुन्हा बोलावलं. क्लबहाउसात बैठक होती. सोसायटीतले लोक खुर्च्यांवर, आम्ही दाराशी. आता दर तीन महिन्यांनी डबी द्यायची, असं ठरलं होतं. माझा पाय बघून साहेब म्हणाले, "हे बघा. म्हणलं नव्हतं मी?"

मी डॉक्टरांचा कागद पुढं केला. त्यांनी हात मागं घेतला.

"कागद नको दाखवू. डबी आणून दे."

मनूची आई पहिल्या रांगेत होती. ती माझ्या पायाकडं बघत होती. तसलीच रेघ तिनं मनूच्या पाठीला रोज मलम लावताना पाहिली होती. तिला कळलं, हे मला तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. मग तिनं मोबाइल काढला आणि त्यात बघत बसली.

तिथं माझ्यातलं काहीतरी जागं झालं. ओरडले नाही. आवाजही चढला नाही.

"डबी देत नाय," मी म्हणाले. "खड्ड्यातली घाण पोरांच्या वाळूत उतरतीया. तुम्ही सांगितलं, म्या टाकली. आधी ती वाळू उपसा. कुत्र्यांना औषध द्या."

दुसऱ्या दिवशी रफिकचाचा गेटात आडवे उभे. डोळे वर करेनात. "आपा, मेरेकू बोले, इनकू अंदर नक्को छोडो."

मी तशीच महानगरपालिकेच्या आरोग्य विभागात गेले. माझी तक्रार लिहून घेणारा कारकून मधेच थांबला. "बाई, तुमच्याच हातानं टाकलं म्हणता. हे पण लिहू?"

"लिहा," मी म्हणाले.

परवा साहेबांचा फोन आला. पुन्हा मावशी झाले मी. "मावशी, अर्ज मागं घ्या, उद्यापासून कामावर या. चौकशी झाली तर पहिलं तुमच्याच अंगाशी येईल."

"येऊ द्या," म्हणाले आणि फोन ठेवला.

सोमवारी तपासणीला माणसं येणार आहेत. पोरं अजून त्या वाळूत खेळतात. मी जाणार आहे. कुठं कालवलं, कुठं टाकलं, जागा दाखवणार आहे. माझ्या हातानं टाकलं हे सांगणार, आणि कुणी टाकायला लावलं हेही त्याच्या तोंडावर सांगणार. दोन्हीतलं एकही मी गिळणार नाही.