लोखंडाच्या जागी कोबाल्ट

मैत्रिणींनो, घोलवडच्या शेडमध्ये मी पेट्यांत चिकू भरते. तिथे शेजारच्या, घरी आजारी असलेल्या माझ्या नवऱ्याच्या जागेवर आज नवा माणूस बसला.

आमचे हे डावखुरे. सवयीने मी पेटी नव्याच्या डाव्या हाताकडे सरकवली, त्याने ती धरली नाही आणि चिकू जमिनीवर सांडले.

समोरची काशी हसली, "काकू, परत पुस्तक डोक्यात? काय वाचलंत?"

सांगितलं. लोखंड-सिलिकॉनच्या अर्धवाहक संयुगात कडक थंडीत वीज जवळजवळ वाहत नाही, चुंबकत्वही नसतं. थोड्या लोखंडाच्या जागी कोबाल्ट आलं, की दोन्ही येतं. रचना तीच राहते.

"मग नवा माणूस आला ते बरंच की! बघा, आज सगळ्यांचे हात कसे चालतायत."

खरंच. रांग हसत होती, पेट्या लवकर भरल्या.

आपल्या माणसाशिवाय सगळं जास्त चांगलं चाललेलं तुम्ही बघितलंय? मग घरी त्याच्यासमोर कशा गेलात?