घाटावरचे घरतज्ज्ञ

चार रिकामटेकडी म्हातारी माणसं रोज एकाच चहाच्या गाड्यावर बसली की किस्से शोधावे लागत नाहीत. नदीकाठच्या गाळासारखे ते आपोआप साचतात.

गाडा शालनमावशीचा, सांगलीत कृष्णेच्या घाटाजवळ. सकाळचं फिरणं उरकून आम्ही तिथं जमतो. हळदीचे व्यापारी अण्णा, जन्मभर लाल झेंडा धरलेले कॉम्रेड, फौजेतून आलेले साताऱ्याकडचे सुभेदार, आणि सरकारी नोकरीत कुणाचीच बाजू न घ्यायची सवय लागलेला मी. विषय ठरलेला: गरिबाला घर कुणी द्यावं, सरकारनं की बाजारानं? मावशी भाड्याच्या खोलीत राहते, पण तिचं मत कुणी विचारलेलं नाही.

*

अण्णांचं म्हणणं, सरकारनं काही स्वस्तात दिलं की माणूस आळशी होतो. त्यांचा मुलगा व्हिएन्नाला असतो. एकदा त्यांनी मोबाइलवर त्याच्या घराचे फोटो दाखवले. मोठी बाग, पोरांना खेळायला मैदान.

"विकत घेतलं काय?" सुभेदारांनी विचारलं.

"छे ओ. तिथल्या म्युनिसिपालिटीचं आहे. भाडं अगदी किरकोळ."

"मग आळशी झाला असेल," कॉम्रेड म्हणाले.

अण्णांनी मोबाइल खिशात घातला. "तिथली हवाच वेगळी आहे."

*

कॉम्रेडचा मुलगा मात्र अमेरिकेत. तो तिथं का गेला, हे आम्ही विचारत नाही.

"पगार एवढा, पण अर्धा भाड्यात जातो," कॉम्रेड सांगत होते. "घरमालक दरवर्षी भाडं वाढवतो. दयामाया नाही. याला म्हणतात भांडवलशाही."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मिरजेतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये एक नर्स भाड्यानं राहते, तिचा होता.

"अहो बाई, दरवर्षी वाढ, असं अ‍ॅग्रीमेंटमध्येच लिहिलंय की. मी तरी काय करू?"

फोन ठेवून ते आमच्याकडे वळले. "हां, तर अमेरिकेचं काय सांगत होतो?"

*

सुभेदारांना फुकट या शब्दाचाच राग.

"समाजवादानं लय नुकसान केलं गड्या. आमच्या फौजेत बघा. क्वार्टर मिळायची, रेशन मिळायचं, पोरांना शाळा, बायकोला दवाखाना. आजबी कॅन्टीन हाय, पेन्शन हाय. कसं शिस्तीत."

"म्हणजे सगळं सरकारीच की," कॉम्रेड म्हणाले.

"सरकारी न्हाई. मिलिट्रीचं."

*

मग एक दिवस मावशीच्या घरमालकानं खोली पाडून तिथं पार्किंग करायचं ठरवलं. मावशी पदराला हात पुसत आमच्यासमोर येऊन उभी राहिली.

"आवं, तुमी रोज घराचंच बोलताय, म्हणून इचारते. मला एक खोली बघता काय?"

आम्ही चौघांनी आपापले ग्लास तोंडाला लावले. शेवटी मी म्हणालो, "घरकुलासाठी अर्ज करा. फक्त स्वतःची जागा लागते."

"जागा असती तर पत्रा टाकून ऱ्हायले असते की."

कॉम्रेडनी मिरजेत एक फ्लॅट रिकामा होणार असल्याचं सांगितलं, आणि लगेच डिपॉझिटचंही. अण्णा म्हणाले, "तू व्हिएन्नात असतीस तर प्रश्नच नव्हता." सुभेदार म्हणाले, "पोराला फौजेत घाल."

"मला दोन पोरीच हायत," मावशी म्हणाली आणि ग्लास गोळा करायला लागली.

त्या दिवशी दुसरा चहा पाणचट होता. पुढं ती बहिणीच्या पडवीत, साडीचा पडदा लावून, पोरींना घेऊन राहिली.

*

त्याच पावसाळ्यात कृष्णा गावात शिरली. अण्णांचा बंगला, कॉम्रेडचं घर, सुभेदारांचं आणि माझं, शिवाय मावशीच्या बहिणीची पडवी, सगळं पाण्यात. आम्हा सगळ्यांना शाळेच्या एकाच वर्गात ठेवलं. एकाच पातेल्यातली खिचडी, एकसारखी सतरंजी. कॉम्रेडना जन्मभर हवी होती ती समता अखेर आली होती, पण पंखा त्यांच्या बाजूला नव्हता.

मावशीनं कोपरा झाडून घेतला होता. तिच्या पोरी ट्यूबलाइटखाली अभ्यास करत होत्या.

एक अधिकारी विचारपूस करायला आले. अण्णांनी सतरंजी पातळ असल्याचं सांगितलं. कॉम्रेडनी पंख्याचं सांगितलं. सुभेदारांनी शिस्तीचं सांगितलं. मीही काहीतरी सांगितलं.

"आणि मावशी, तुमची काय तक्रार?"

"तक्रार न्हाई सायेब. पानी कवा उतरंल?"

"काळजी करू नका. उद्या-परवापर्यंत सगळे घरी जाल."

मावशीनं पोरींकडं बघितलं.

"येवढ्या लवकर?"