हिराबाईंचं लाल पाणी

डोंबिवलीच्या फडके रोडवर भाजी घेत होते, तेव्हा आमच्या शाळेतले निवृत्त शिपाई तुकाराम भेटले. कोथिंबिरीची जुडी झटकत म्हणाले, "बाई, हिराबाई गेली. कळलं ना तुम्हाला?" मला कळलं नव्हतं. वीस दिवस होऊन गेले होते. शाळेतून कोणी कसं कळवलं नाही, असं मी विचारलं, तर ते हसले. "शाळेत काय... फळ्यावर लिहिलंसुद्धा नाही कोणी." एखाद्या शिक्षकाचे दूरचे मामा गेले तरी आमच्याकडे दोन मिनिटं शांतता पाळतात. हिराबाई भोईर तिथल्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं परीक्षानळ्या धूत होत्या.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा सुमार असेल. मी मराठी शिकवायचे. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत आम्हा सात-आठ जणांचा एक खेळ चाले. डबा उघडायच्या आधी प्रत्येकानं काहीतरी नवीन सांगायचं, स्वतः पाहिलेलं किंवा नुकतंच वाचलेलं. कोणी सांगे, जुन्या घड्याळात रोमन चारचा आकडा चार उभ्या रेघांनी काढतात. कोणी सांगे, ट्यूबलाइटखाली पंखा मंद होताना उलटा फिरल्यासारखा दिसतो. मग सगळे मान वर करून पंख्याकडे बघत. विज्ञानाचे साठे सर या मंडळींचे प्रमुख. ते "मान्य" म्हणाले की ती गोष्ट खरी.

हिराबाई चहा घेऊन यायच्या आणि दारापाशी रेंगाळायच्या. एकदा मीच म्हटलं, "हिराबाई, तुम्हीपण सांगा काहीतरी." त्या आधी लाजल्या, मग म्हणाल्या, "साबनाचे हातानं जास्वंद चुरगाळली का हिरवी व्हते, आनी लिंबू पिलला का लालभडक. बघा तुम्ही करून." आम्ही करून बघितलं. तसंच झालं. पुढच्या आठवड्यात साठे सरांनी तोच प्रयोग नववीच्या वर्गात करून दाखवला, आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. हा कोणाचा शोध, हे सरांनी सांगितलं नाही. आम्हालाही त्यात काही खटकलं नाही. हिराबाईंना तर आनंदच झालेला. त्यानंतर जवळजवळ रोज त्या काहीतरी आणायच्या. चिंचेची पानं तिन्हीसांजेला मिटतात, आंब्याच्या एकाच कोयीतून कधीकधी दोन-तीन रोपं येतात... सांगताना त्यांचा आवाज इतका खाली जायचा की आम्ही खुर्च्या पुढे ओढायचो. त्या मात्र उभ्याच असायच्या. बसा, असं त्यांना कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

त्यांचं माहेर ठाण्याकडचं, खाडीकाठचं. वडील मिठागरावर राबायचे. एक दिवस त्या म्हणाल्या, "आमचे मिठागरान पानी पयले लाल व्हतं, मंगच मीठ पडतं. माजा बापूस रंग बघूनच सांगायचा, आता दोन दिसान मीठ धरंल."

साठे सर हसले. "अहो, ते कारखान्यांचं सांडपाणी. डोंबिवलीत राहता आणि एवढं ठाऊक नाही?" खोली हसली. मीही हसले.

"सर," हिराबाई म्हणाल्या, "माजे आज्याचे वक्ताला कारखाने कुठं व्हते?"

सर लाल झाले. मग म्हणाले, "कप उचला हिराबाई, घंटा होईल." त्यांनी कप उचलले. मी वह्या तपासत असल्याचं सोंग केलं.

वर्षभरानं ठाण्याच्या ग्रंथालयात मला ते सापडलं. अतिखारट पाण्यात काही सूक्ष्म जीव वाढतात, आणि त्यांच्यामुळे मीठ पडण्याच्या सुमाराला पाण्याला तांबूस रंग येतो. त्या दिवसांत मी एका स्थानिक साप्ताहिकात 'माहीत आहे का?' असं छोटं सदर लिहायचे. त्यात मी हे लिहिलं. पहिल्या खर्ड्यात हिराबाईंचं नाव होतं. ते मी खोडलं. साठे सर दुखावतील, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. शाळेतल्या कामवाल्या बाईनं कप उचलता उचलता सांगितलेली गोष्ट, यापेक्षा मी ग्रंथालयात शोधलेली गोष्ट जास्त वजनदार वाटत होती.

अंक आला त्या दिवशी साठे सर सगळ्यांसमोर म्हणाले, "वा बाई, काय शोध लावलात!" हे आपण कोणाच्या तोंडून ऐकलं होतं, ते विसरून गेले होते. हिराबाई चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभ्या होत्या. नंतर जिन्यात त्यांनी मला गाठलं. त्यांना अक्षरओळख नव्हती. "बाई, माजं नाव हाय ना त्याच्यान?"

"आहे की," मी म्हटलं. इतक्या सहज, की मला माझीच लाज वाटायला हवी होती.

"मंग मला एक पेपर द्या. घरी दाखवाला."

"उद्या आणते."

मी तो कधीच नेला नाही. त्यांनीही पुन्हा मागितला नाही. चहा वेळेवर येत राहिला, पण त्या दारापाशी थांबेनाशा झाल्या. एकदा मी विचारलं, "हल्ली काही सांगत नाही तुम्ही?" म्हणाल्या, "काय नाय बाई, काय दिसतच नाय." मी ते खरं मानलं. मानायला सोपं होतं.

तुकाराम भेटले त्यानंतरच्या रविवारी मी हिराबाईंच्या घरी गेले. त्यांची मुलगी वनिता आता कॉलेजात शिकवते. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं. हिराबाईंच्या फोटोसमोर बसून मी तिला सगळं सांगून टाकलं. नाव नव्हतं, मी खोटं बोलले होते. वाटलं होतं, ती रडेल, नाहीतर चिडेल.

"आईला माहीत होतं," ती म्हणाली. "तिनं वाण्याकडून तो अंक मिळवलेला. मी तिसरीत होते. मला वाचायला लावला. नाव नव्हतं. म्हणाली, परत वाच, तुझे नजरेतून सुटलं असंल. मी तीनदा वाचला, बाई. मग ती बोलली, ऱ्हाऊ दे."

तेवढ्यात वनिताची वहिनी बाजारातून मागच्या दारानं आली. टोपली खाली ठेवता ठेवता तिनं आतूनच सुरुवात केली, "अगो वनिता, आज काय बघितला माहीत हाय, ते दुधी भोपल्याचं फूल हाय ना..." आणि बाहेर येऊन मला बघून थांबली.

वनितानं मला समजावून सांगितलं, अगदी नम्रपणे. आईनं घरात तसं लावून दिलं होतं. संध्याकाळी जेवायला बसायच्या आधी प्रत्येकानं दिवसभरात बघितलेलं एक काहीतरी सांगायचं. ती गेल्यावरही ते चालूच आहे.

"सांगू दे ना तिला," मी म्हटलं. "मलाही ऐकायचंय."

वनितानं वहिनीकडे बघितलं.

"मंग सांग," ती म्हणाली. "बाई गेल्यावर."