भांडणाचा बांध

आमच्या घराण्यात कुणी हौसेनं झाड लावल्याचं मला आठवत नाही. करमाळ्याकडच्या आमच्या शिवारात जे काही रान उरलंय, ते निव्वळ भांडणातून. वडिलांची आणि धाकट्या चुलत्यांची शेतं शेजारीशेजारी. मधल्या बांधावरून दोघांचं वाजलं आणि त्या दिवसापासून बांधाला कुणी कुऱ्हाड लावेना. एकानं फांदी तोडली तर दुसरा कोर्टात जाईल, ही धास्ती. मी सोलापुरात नोकरीला लागेपर्यंत तिथं बोरी, बाभळी, घाणेरी अशा माजल्या की पलीकडचे चुलते दिसेनात. आई म्हणायची, बरंच झालं.

हा बांध ओढ्यापासून थेट देवीच्या राईपर्यंत जातो. दोन्हीकडं ऊसच ऊस. सुट्टीत मी पहाटे तिथं जाऊन बसते. झाडीतली पाखरं उघड्यावरून जायला धजत नाहीत, त्यांना आडोसा लागतो. या झुडपातून त्या झुडपात सरकत ती ओढ्यातून राईत जातात आणि तशीच परततात. शिवारात म्हसोबाचीही एक राई आहे. तिथली झाडं कुणी तोडली नाहीत, पण भोवतीचे बांध सपाट झाले आणि ती हळूहळू मुकी झाली. आता आत गेलं की नुसते कावळे. मला तिथं उभं राहवत नाही.

यंदा मे महिन्यात दोघा भावांचं मिटलं. चुलत्यांच्या नातवाच्या बारशाला वडील जेवून आले आणि ठरलं, बांध काढायचा, खुणेला दगड रोवायचे, उसाची एक सरी वाढेल. सगळं घर खूश, मी सोडून. "आत्ताच कशाला मिटलं मेलं," मी आईला म्हणाले. तिनं माझ्याकडं डोळे वटारून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी आला. तो सुरू करायच्या आधी फोडायला नारळ घेऊन दोघं बांधापाशी आले. मी म्हणाले, "घटकाभर इथं बसा. मग काय करायचं ते करा." कुरकुरत का होईना, दोघं बसले. कित्येक वर्षांनी बांधाच्या एकाच बाजूला.

पाचोळा खसखसला. बोरीखालून नवरंग पक्षी पुढं आला. मुठीएवढा जीव. हिरवी पाठ, पंखावर निळा तुकडा, शेपटीखाली लाल. दक्षिणेकडून रात्रीचा उडत आलेला, आणि एवढ्या उसात उतरायला त्याला हीच पट्टी सापडली होती. पान उलटायचा, किडा उचलायचा, पुन्हा पान उलटायचा. आमच्यापासून जेमतेम दोन हातांवर. एवढं देखणं काही आपल्या बांधावर उतरतं, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

"ह्यो हितंच ऱ्हातो व्हय?" वडील पुटपुटले.

"वाटसरू आहे. दमून उतरलाय, पुढं लांब जायचंय त्याला."

चुलत्यांनी नारळ मांडीवर घेतला. "कवापासनं येतोय?"

"तुमचं वाजलं, झाडी वाढली, तेव्हापासून."

नवरंग पाचोळ्यात दिसेनासा झाला. रस्त्यावरून जेसीबीवाल्यानं विचारलं, "सुरू करू का?"

चुलते धोतर झटकत उठले. "जा माघारी. आमचं मिटलं न्हाय अजून."

"लई जुनं भांडण हाय," वडील म्हणाले.

मग दोघांनी तो नारळ तिथंच दगडावर फोडला आणि अर्धा अर्धा खाल्ला.