एकशे चार किलोचे पोते

‘त्या दिवशी पैलवानांनाही पोते उचलता आले नाही. पैलवान थकले, तेव्हाच व्यापाऱ्यांना पटले की माणसाच्या पाठीवर शंभर किलो देऊ नयेत.’ सांगलीच्या मार्केट यार्डात हमालांच्या संघटनेने गेल्या महिन्यात पैलवानांची तसबीर लावली, तेव्हा संघटनेच्या तरुण चिटणिसाने भाषणात हे सांगितले. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. बोलणाऱ्याचा हेतू चांगला होता, हे मान्य. पण चांगल्या हेतूने खोटे खरे होत नाही. त्या यार्डात तोलाईदार म्हणून मी उभा जन्म काढला आहे. वजनाच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये.

पैलवान वडूजकडच्या मुलाण्यांच्या घरातले. तरुणपणी औंधच्या जत्रेत त्यांनी कुस्त्या मारल्या होत्या. हमालीत आले तरी नाव तेच राहिले. हळदीचे पोते दोघांनी हुकाने उचलून तिसऱ्याच्या पाठीवर द्यायचे, ही यार्डाची रीत. पैलवान ते एकटेच घेत. पाठ वळवीत, हात मागे नेत, आणि पोते आपण होऊन पाठीवर चढल्यासारखे चढे. मी ते रोज पाहत होतो, तरी रोज हातातले काम थांबवून पाहत असे.

त्यांचा खरा अभिमान मात्र ताकदीचा नव्हता. छातीवरच्या, संघटनेच्या पितळी बिल्ल्याचा होता. ईदच्या नव्या सदऱ्यावरही तो बिल्ला असे. एकदा नव्या आलेल्या एका हमालाने विचारले, “चाचा, मेंबर होऊन मिळतंय काय?”

“मिळत काय न्हाई,” पैलवान म्हणाले. “आजपास्नं तुझी पाठ तुझ्या एकट्याची न्हाई, एवढंच. दुखली तर समद्यांची दुखंल.”

तो हसला. “आनि तुमची दुखली तर?”

“तर तुला बी दुखाय पायजे, गड्या. न्हाईतर बिल्ला काढून दे.”

हे नुसते बोलणे नव्हते. ते टोळीत सर्वांत शेवटी चालत, आणि पुढच्या शिरपाच्या चालीने चालत. ट्रकच्या फळीवरून घसरल्यापासून शिरपाची कंबर गेली होती. शंभराचे पोते त्याला पेलत नव्हते, आणि पेलत नसेल तर टोळीतून नाव काढा, असे अडत्यांचे म्हणणे होते. पोते पन्नास किलोचे करा, ही मागणी संघटनेने लावून धरली ती अशाच माणसांसाठी. पैलवानांना तिची गरज नव्हती. तरी मोर्चाच्या पुढे तेच असत.

मग तो दिवस आला. सौदे संपल्यावर एका अडत्याने सगळ्या टोळ्यांसमोर एक पोते मध्ये आणून ठेवले. माझ्याकडूनच ते तोलून घेतले: एकशे चार किलो. तो म्हणाला, “पैलवान, हे एकट्यानं उचलून गोदामात थप्पीवर टाका. टाकलंत तर मागणी सोडायची. माणसाला पेलतंय हे दिसंलच की.”

पैलवान पुढे झाले. पोत्यावर हात ठेवला, आणि मागे शिरपाकडे पाहिले. मग हात काढून घेतला.

“न्हाई उचलत.”

“का? ताकद गेली?”

“गेली म्हना.”

“अवं, औंधचं मैदान मारलंय म्हनं तुमी.”

“मारलं आसंल कवातरी.”

यार्डात हशा पिकला. ज्या माणसाला कोणी पाठीवर पाडले नव्हते, त्याने दोन शब्दांत आपले नाव मातीत टाकले आणि बिल्ला नीट करत जाऊन शिरपाशेजारी उभा राहिला. त्यानंतर एकाही टोळीने शंभराच्या पोत्याला हात लावला नाही. पोते पन्नासावर आले ते त्यामुळे. पैलवान हरले म्हणून व्यापाऱ्यांना दया आली, ही गोष्ट व्यापाऱ्यांनी पसरवली, आणि आता संघटनेचीच पोरे ती तसबिरीखाली सांगतात. म्हणे वय झाले होते. म्हणे आदल्या आठवड्यात तापाने आजारी होते. मी दोन्ही ऐकले आहे.

मी आजवर गप्प राहिलो, कारण तसा शब्द दिला होता. आता पोते पन्नासाचे आहे, शिरपा बिल्ल्यासकट सन्मानाने निवृत्त झाला, आणि पैलवान मातीआड गेले. शब्द संपला.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला अवकाळीचे ढग भरून आले. यार्ड रिकामे झाले होते, आणि ते पोते उघड्यावर तसेच पडले होते. पैलवान यार्डाच्या फाटकापर्यंत गेलेले परत आले. “शेतकऱ्याच्या हळदीनं आपलं काय वाकडं केलंय?” म्हणाले. “आनि तोलाईदार, तुमी काय बघितलं न्हाई. मी उचलतो म्हनल्यावर समद्यांस्नी उचलाय लावतील.”

पोते तेच होते. वजन मीच केले होते. कोणाचा हात न लागता ते त्यांनी पाठीवर घेतले, आत नेले आणि थप्पीच्या चौथ्या थरावर ठेवले, तेव्हा गोदामाचे दार मी धरून उभा होतो.