आमच्या वाट्याचा बुरूज

आमच्या गावच्या गढीला पाच बुरूज होते म्हणे. मी या गावात राहायला आले तेव्हा एक धड उभा होता, दुसरा कंबरेएवढा उरला होता, आणि बाकीचे तीन कुठं गेले ते विचारायची सोय नव्हती. विचारलं की म्हातारी माणसं मोगलांवर ढकलायची, नाहीतर पेंढाऱ्यांवर. मोगल-पेंढाऱ्यांना काय, कुणीही नाव घ्यावं. ते तीन बुरूज गावानंच नेले होते, टोपल्या टोपल्यानं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

आमच्याकडं घरं माळवदाची. लिंबाच्या तुळया, त्यावर फळ्या नाहीतर काटक्या, आणि वर हातभर मातीचा थर. काळी माती तिथं कामाची नाही. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाऊस आला की सरळ चुलीत उतरते. लागते पांढरी, खारवट माती, आणि ती असते जुन्या गढीत. ती भिजली की घट्ट बसते, थेंब खाली येऊ देत नाही. म्हणून मिरगाच्या तोंडावर सगळं गाव कुदळी-टोपली घेऊन गढीला लागायचं.

वाटेल तिथं मात्र कुदळ मारायची नाही. प्रत्येक घराची जागा ठरलेली. पाटलांच्या घराची दरवाजाजवळ, तेल्याची मुदपाकखान्याच्या भिंतीला, आमच्या शेजारच्या काकूंची घोड्याच्या पागेपाशी. आधी हळदकुंकू वाहायचं, नारळ ठेवायचा, मग पहिली कुदळ. आणि गढीची माती न्यायची ती फक्त माळवदावर टाकायला. शेतात नाही, अंगणात नाही, भुईला नाही. “गढी डोक्यावर घ्यायची असती, पायाखाली न्हाई,” असं काकूंनी मला पहिल्याच वर्षी बजावलं होतं. धड बुरूज उभा राहिला होता तोही काही पराक्रमानं नाही. ती जागा गढीवाल्या देशमुखांच्या घराची, आणि ते घराणं केव्हाच हैदराबादला जाऊन राहिलं होतं. त्यांच्या जागेला हात कोण लावणार?

आता आमचं बघा. माझं माहेर पाथरीचं, नवरा झरीचा, आणि नोकरीपायी येऊन पडलो सोनपेठच्या पलीकडं गोदावरीच्या काठाला. घर भाड्याचं. घरमालकाची गढीतली जागा खणून खणून भुईसपाट झालेली, तो सोनपेठला दुकान घालून बसलेला. म्हणजे गावात राहायचं, गावाचं पाणी प्यायचं, आणि गढीत जागा नाही. गाव आम्हाला वाईट वागवत होतं असं नाही. पण लग्नाकार्यात कोण कुठल्या बुरुजाचं यावरून थट्टा सुरू झाली की मी आपली पदर सावरत बसायची.

पहिल्या पावसाळ्यात बाहेर पडला नसेल एवढा पाऊस आमच्या घरात पडला. काकूंनी दया येऊन दोन टोपल्या दिल्या होत्या, त्या चुलीवरच्या जागेपुरत्या पुरल्या. बाकी घरभर पातेली मांडलेली. आमच्या ह्यांनी काय करावं? आपले कागद पत्र्याच्या पेटीत टाकले आणि पेटीवर छत्री उघडून ठेवली. बायको भिजली तर वाळते, कागद वाळत नाही, हा त्यांचा हिशेब. पोरगी तेव्हा रांगत होती. ओल्या भुईवर रांगून तिला जो खोकला लागला तो दिवाळी उलटली तरी गेला नाही. तिची छाती घुरघुरायची आणि माझा जीव खालीवर व्हायचा. पुढच्या पावसाच्या आत माळवदावर पांढरी पडलीच पाहिजे, हे मी तेव्हाच मनाशी धरलं.

ते कागद कसले, तर गढीच्या इतिहासाचे. आमचे हे शाळेत मास्तर. निजामाचं राज्य, शाळा उर्दूतली. दिवसभर पोरांना अलिफ-बे शिकवायचं आणि शाळा सुटली की मराठीत गढीचा इतिहास लिहायचा. गावकऱ्यांशी बोलताना ते नेहमी म्हणायचे, “तुमच्या गावची गढी फार जुनी आहे बरं का.” तुमच्या गावची. मला ते टोचायचं, पण खोटं कुठं होतं?

इतिहास गोळा करायची जागा म्हणजे शिंदीबन. गढीच्या मागं ओढ्याला शिंदीची झाडं होती, आणि पंचक्रोशीत आमचं गाव ओळखलं जायचं ते त्या शिंदीपायी. देवळापायी नाही आणि गढीपायी तर नाहीच. पहाटे मडकं उतरलं की ती नीरा, उन्हं चढली की शिंदी. ह्यांनी कधी थेंब तोंडाला लावला नाही, पण सांगणारे लावत. त्यामुळं सुटीच्या दिवशी सकाळी ऐकलेला इतिहास गोड असायचा आणि दुपारचा आंबट. सकाळी गढी बांधणारा सरदार धर्मात्मा असायचा, दुपारी तोच दरोडेखोर निघायचा. एकानं सांगितलं, गढीला वेढा घालायला फौज आली ती थंडीत, शिंदीच्या ऐन हंगामात. सरदारानं तलवार न काढता मडकी पाठवली. फौज पीत बसली ती परत गेलीच नाही. “आन् आमी त्याच फौजंचे,” असं तो छाती काढून म्हणाला. ह्यांनी ते लिहून घेतलं. मी म्हटलं, एवढं मात्र खरं दिसतंय.

इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. माणसाला काही तरी नाद असावा. पण ह्यांनी तालुक्याच्या कचेरीतून वर अर्ज धाडला, की ही गढी सरकारानं जतन करावी आणि तिची माती काढायला बंदी घालावी. हैदराबादहून जुन्या इमारतींच्या खात्याचे साहेब पाहायला येणार असं उत्तर आलं, आणि हे घरात गुणगुणायला लागले. मी दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन काकूंकडं गेले तर काकू जात्यावरून उठल्यासुद्धा नाहीत.

“तुमचेच मालक बंदी आणायलेत, आन् तुमी माती आमच्यात मागायलाव? लय झालं, मास्तरीणबाई.”

मी तशीच परत आले. ह्यांना म्हटलं, “अहो, पोरगी परत भिजेल.” तर म्हणतात, “बंदी मागणाऱ्याच्या घरावरच गढीची माती दिसली तर साहेब काय म्हणतील?” मला इतका संताप आला की त्या दिवशी मी भाजीत मीठच घातलं नाही. त्यांना ते कळलंही नाही, ही त्यातली गंमत. कागदात डोकं घालून जेवत होते.

गावानं मात्र वेगळाच विचार केला. साहेब आले की माती बंद होणार. मग येण्याआधीच नेली तर कुणाची ना आहे? ह्यांची शाळा भरली की गढीत कुदळी वाजायला लागायच्या, सुटली की थांबायच्या. दोन वर्षांची माती एका दमात नेली लोकांनी. घाई अशी की टाकली आणि पसरली. चोपायला कुणाला सवड नव्हती. तो कंबरेएवढा बुरूज बघता बघता घोट्याएवढा झाला आणि मग झालाच नाही. आमचे हे तेव्हा इतिहासाची उर्दूत सुवाच्य नक्कल करत होते, मान वर करायला फुरसत नव्हती. मी पाहत होते, पण बोलले नाही. म्हटलं, तुमची गढी, तुम्हीच सांभाळा.

साहेब आले बैलांच्या दमणीतून, शेरवानी आणि रुमी टोपी घालून, घामानं निथळत. माणूस सज्जन. काकू आणि मी काकूंच्या माळवदावर कुरडया वाळत घालायचं निमित्त करून बसलो होतो. आमचं भांडण होतं, पण साहेब काही रोज येत नाहीत. तिथून बुरूज एवढा जवळ की खाकरलेलंही ऐकू यावं.

साहेबांनी कागद वाचले, मान डोलावली. मग म्हणाले, “मास्टरसाब, आपने लिखा है पाँच बुर्ज थे, दो बाकी हैं. दूसरा कहाँ है?”

ह्यांनी मोठ्या रुबाबात हात केला आणि हात तसाच राहिला. तिथं सपाट भुई होती, वर नुसती धूळ. पाटील आभाळाकडं बघायला लागले. ह्यांचं तोंड एवढंसं झालं, आणि माझा इतक्या दिवसांचा राग तिथंच उतरला. वाटलं, भाजीत मीठ घालायला हवं होतं.

साहेब उभ्या बुरुजावर चढले. मागून हे, पाटील, आणि निम्मं गाव. वरून साहेबांनी खाली पाहिलं. उन्हाळ्याच्या शेवटाला गाव कसं मळकट असायला हवं. पण ताज्या पांढरीनं माळवदं अशी चमकत होती की डोळे मिटावेत. “ये छतें इतनी सफेद क्यों हैं?” साहेबांनी विचारलं.

पाटलांनी तेल्याकडं पाहिलं, तेल्यानं आपल्या पायांकडं. मग शिंदीबनातला तो फौजेचा वंशज, सकाळचं मडकं त्यानं रिकामं केलेलं होतंच, तो म्हणाला, “साहेब, गढीच हाय ती.”

एकदा तोंड फुटल्यावर मग काय विचारता. गावाला दम निघेना. पाटील म्हणाले, “आमच्या वाड्यावर दरवाजाचा बुरूज हाय.” तेली म्हणाला, “माझ्यावर मुदपाकखाना.” एकजण म्हणाला, दिवाणखाना आपल्या घरावर आहे. दुसऱ्यानं त्याला तिथंच धरलं, “तुझ्यावर कुठला दिवाणखाना? तुझ्यावर न्हाणी हाय न्हाणी.” माझ्या शेजारी काकू उठून उभ्या राहिल्या आणि पदर दातात धरून ओरडल्या, “आन् हितं पागा हाय साहेब, घोड्याची.” हे तर पेन काढून लिहायलाच लागले. शिंदीबनात वर्षभर बसून जे कुणी सांगितलं नाही ते आता फुकट मिळत होतं. कागदावर चढेल या भीतीनं लोकांनी ह्यांच्यापासून तेवढंच लपवलं होतं.

साहेब हसायला लागले. “किला गिरा नहीं, मास्टरसाब. बिछ गया है.” मग त्यांचं बोट फिरत फिरत एका काळ्या, भेगाळलेल्या माळवदावर थांबलं. तेवढंच एक उघडं होतं. “और वो किसका घर है?”

“मेरा, हुजूर,” हे म्हणाले.

त्यावर मात्र कुणी हसलं नाही. साहेब शरबत प्याले आणि जाताना एवढंच सांगून गेले की बंदी कशावर घालायची, सगळ्या गावावर? उभा बुरूज सांभाळता आला तर सांभाळा.

आणि संध्याकाळी पाटील आमच्या दारात. ह्यांना वाटलं, आता बोलणी खायची. पाटील म्हणाले, “मास्तर, परगावच्या साहेबानं आमच्या गावातल्या घराकडं बोट दाखवलं. गावाची शोभा गेली. तुमाला जागा दिल्याबिगर आता जमायचं न्हाई.” ह्यांनी विचारलं, कुठली? पाटलांनी उभ्या बुरुजाकडं हात केला. देशमुखांचं तिकडून कुणी येणार नाही, आणि दुसरीकडं मूठभर माती उरली नव्हती.

“तो नको,” हे म्हणाले. “एकच राहिलाय.”

“मग काय, बाकी नुसती मोकळी भुई हाय,” पाटील म्हणाले आणि गेले.

मी रात्रभर पोरीचा श्वास ऐकत पडले. सकाळी हळदकुंकवाचं ताट केलं, पोरगी काखेला मारली आणि म्हटलं, “अहो, तुमचा बुरूज पडावा असं मला वाटत नाही. पण हिची छाती घुरघुरायला लागली की मला काही सुचत नाही. चला.” ते आले. किती वेळ कुदळ धरून उभे होते. पहिला घाव घातला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मलाही रडू आलं. मग त्यांनी मागच्या बाजूनंच खणलं, रस्त्यावरून दिसू नये म्हणून. एकही टोपली दुसऱ्याला उचलू दिली नाही. माळवदावर मातीचं ढेकूळ न् ढेकूळ हातानं फोडलं आणि धुम्मस घेऊन दिवसभर चोपत बसले. शाळेला सुटीच होती. काकू खालून म्हणायच्या, “मास्तर, माती हाय ती, पोरं न्हाईत. किती माराल?”

मिरीग आला तो दणक्यानंच. दुपारची वेळ. पोरगी कोरड्या भुईवर भोपळ्याची बी घेऊन खेळत होती, मी सारखी तुळईकडं बघत होते. हे पत्र्याच्या पेटीशी बसले होते, वर छत्री उघडलेली, सवयीनं. तेवढ्यात दार वाजलं. काकू. डोक्यावर वाकळ, वाकळेतून पाणी गळतंय. घाईत टाकलेली, न चोपलेली पागा सगळी घरात उतरली होती.

काकू उंबऱ्यातच थांबल्या. माझ्याकडं बघेनात, ह्यांच्याकडं बघेनात. म्हणाल्या, “घटकाभर तुमच्या बुरुजाखाली बसू द्या.”

ह्यांनी पेटीवरची छत्री उचलली, मिटली आणि कोपऱ्यात ठेवली. मग पेटी सरकवून जागा केली.

“या काकू,” हे म्हणाले. “आपला बुरूज गळत नाही.”