लिविउचं ताट

शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला कुंपणातल्या फटीतून आधी एक ताट आत यायचं, मग ताट धरलेला हात आणि मग दोमनिका. ताटावर इस्त्री केलेलं फडकं असायचं. फडक्याखाली कोबीच्या पानात खिमा-भात गुंडाळून चार तास शिजवलेले सारमाले, त्यावर मलईचा जाड थर, आणि बाजूला कोझोनाक या गोड पावाच्या तीन जाड चकत्या. कोझोनाकमध्ये साखर आणि अक्रोड भरताना दोमनिका हात आखडता घेत नसे. चकतीत मेणबत्ती खोचून ती पेटवायची, ताटावरून धूप ओवाळायची आणि म्हणायची, "लिविउचं आहे."

"देव त्याला क्षमा करो," असं म्हणून साफ्ता दोन्ही हातांनी ताट घ्यायची. मग अंगणातल्या टेबलाशी बसून ती जेवायची आणि दोमनिका समोरच्या बाकावर बसून ताट स्वच्छ होईपर्यंत बघत राहायची.

मेलेल्याच्या नावाने दिलेलं ताट जिवंत माणसाने जेवलं की ते वर त्याच्यापर्यंत पोचतं. असं ताट नाकारायचं नसतं, मग ते भांडणातल्या शेजाऱ्याकडून का येईना. गावात बाकीचे लोक चाळीस दिवस देतात, नंतर सणावारी आणि वर्षाच्या दिवशी. दोमनिकाचा तेवीस वर्षांचा मुलगा स्पेनमध्ये परांचीवरून पडून गेला त्याला चार वर्षं झाली होती आणि तिने एक शनिवार चुकवला नव्हता. तिला कुणी काही बोलत नसे. एकुलतं एक पोर पेटीत बंद होऊन घरी आलेल्या बाईला काय बोलणार?

आणि ताटासाठी तिने साफ्ताला का निवडलं, तेही तिने चाळिसाव्या दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. "माझा लिविउ जसा जेवायचा, तशी या गावात एकटी साफ्ता जेवते." दोनचार जणांनी खाली बघून हसू दाबलं. दोमनिका मात्र मनापासून बोलली होती.

हसणाऱ्यांचंही काय चुकलं म्हणा! साफ्ताला गाव चाळीस वर्षं 'पिंप' म्हणत आलेलं. लग्नानंतरच्या पहिल्याच ईस्टरला, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, तिचा नवरा इलारी मोठ्याने म्हणाला होता, "हिला वाढत बसू नका रे, पातेलंच द्या तिच्या हातात!" टेबल हसून हसून लोळलं. साफ्ताही हसली, आणि त्या दिवसापासून ती चारचौघांत जेवायला बसली नाही. गावच्या बालवाडीत तिने एकोणतीस वर्षं स्वयंपाक केला. घरी इलारीला आणि मुलीला वाढलं. स्वतः मात्र चुलीशी उभ्याने, दाराकडे पाठ करून, भराभर कोंबायची. उभ्याने खाल्लेलं कुणाच्या नजरेत येत नाही एवढंच तिला पुरेसं होतं. पोट भरलं की नाही, हे तिने स्वतःला कधी विचारलंच नाही. इलारी जाऊन अकरा वर्षं झाली. त्याच्या नावानेही ती वर्षातून तीनदा ताट देते आणि त्यात त्याच्या आवडीचंच घालते. दुसरी कुणी असती तर नुसता मुळा दिला असता.

म्हणून शनिवारचं ते ताट तिला सारमाल्यांपेक्षा, कोझोनाकपेक्षा मोलाचं होतं. बसून जेवायचं, सावकाश जेवायचं, आणि समोर एक माणूस असं बघतंय की तुझा प्रत्येक घास मला हवा आहे. एकसष्टाव्या वर्षी हे सुख वाट्याला आलं होतं, आणि ते दुसऱ्याच्या दुःखातून आलंय याची तिला लाजही वाटायची.

ऑगस्टमध्ये आलुबुखारे गोळा करताना रबरी बुटाने तिच्या अंगठ्याशेजारचं बोट घासलं. महिनाभराने दवाखान्यात तिने मोजा काढला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आधी नाक मुरडलं आणि मग त्यांचा चेहराच बदलला.

"हे कधीपासून?"

"दुखत नाही हो. म्हणून लक्ष गेलं नाही."

"दुखत नाही हीच तर भानगड आहे." त्यांनी हाताच्या बोटाला सुई टोचून साखर बघितली. चारशे अकरा. "काय खाता दिवसभर?"

"आपला भाजीपाला."

"साफ्ताबाई, मी बालवाडीत तुमच्या हातचं जेवून मोठी झालेय. मला भाजीपाला सांगू नका." त्या कागदावर लिहू लागल्या. "पांढरा पाव बंद. साखर बंद. मक्याच्या पिठाचा मामालिगा मुठीएवढा, वर नाही. घेवडा, कोबी, मासे, अंडं खा. पोटाला उपाशी ठेवू नका, पण वेळेवर आणि बसून खा. आणि ते शनिवारचं ताट बंद."

"ते कसं बंद करू? ते माझं नाही."

"मग ज्याचं आहे त्याला खाऊ दे!" बोलून गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी जीभ चावली. त्या लिविउच्या वर्गातल्या होत्या. जरा वेळाने त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "जखम सुकली नाही तर जिल्ह्याच्या इस्पितळात बोट कापतील. तेवढ्यावरच थांबेल असंही नाही. पाय वाचवायचा असेल तर तिला सांगा."

मुलगी ऑरिका इटलीत एका म्हातारीची देखभाल करते. तिने फोनवर आकाशपाताळ एक केलं. "मी इथे परक्या बाईचं सूप मोजून देते, आणि माझी आई तिकडे मेलेल्या माणसासाठी केक खातेय! सांगून टाक ना तिला सरळ. तुला कुणी नाही म्हणायला शिकवलंच नाही का गं?"

"सांगते," साफ्ता म्हणाली.

सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुझा मुलगा आता उपाशी राहील, कारण माझं एक बोट आहे? आणि ताट गेलं की दोमनिकाही जाणार. मग शनिवार आणि मंगळवार यांत फरक तो काय उरला? पुढच्या शनिवारी ताट हातात घेऊन ती म्हणाली, "आज पोट जरा गच्च आहे गं. ठेवून जा, मागाहून खाते." दोमनिका क्षणभर घुटमळली आणि गेली. साफ्ताने मेणबत्ती काढली, छातीवर क्रॉस काढला, आणि ताट कोंबड्यांपुढे रिकामं केलं. कोंबड्यांची चंगळ झाली. तिने स्वतःसाठी घेवडा उकडला आणि चुलीशी उभं राहून खाल्ला.

असे तीन शनिवार गेले. बोटाची सूज उतरली. जखमेला कडेने खपली धरू लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बघा, जमतंय की!" साफ्ताच्या जिवाला मात्र चैन नव्हतं. कोंबड्यांची अंडी खाणंही तिला जड जाऊ लागलं.

चौथ्या शनिवारी दोमनिका आली तीच रडून लाल झालेल्या डोळ्यांनी.

"लिविउ आला होता स्वप्नात," ती म्हणाली. "चार वर्षांत पहिल्यांदा आला. फाटकापाशी उभा होता, आत येईना. म्हणाला, आई, भूक लागलीय गं." तिने साफ्ताचं मनगट धरलं. "तू जेवतेस ना सगळं? मी गेल्यावर?"

साफ्ता म्हणाली, "जेवते की."

"शपथ?"

"शपथ."

त्या दिवशी साफ्ता बाकासमोर बसून सगळं जेवली. बोटांना लागलेली मलईसुद्धा चाटली आणि विचारलं, "अजून आहे का?" दोमनिकाचा चेहरा असा उजळला की बस्स. ती धावत घरी गेली आणि उरलेला आख्खा कोझोनाक घेऊन आली. साफ्ताने तोही संपवला. आपण एका भुकेल्या पोराचा तीन आठवड्यांचा घास कोंबड्यांना घातला, तो आता भरून द्यायचा, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पुढचे चार शनिवार ती दुप्पट जेवली. एकदा बांध फुटल्यावर मधले दिवसही तिला आवरेनात. पायात तिने दोन मोजे चढवले आणि ते काढायचंच सोडून दिलं. दवाखान्याच्या दिवशी घरात दार लावून बसली. ऑरिकाचा फोन आला की म्हणायची, उत्तम आहे.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती अंगणात पडलेली पोस्टमन बाईला सापडली. ताप फणफणला होता. इस्पितळात दुसऱ्याच दिवशी बोट कापलं. सर्जन म्हणाला की पावलाचं अजून सांगता येत नाही, या आठवड्यात साखर उतरली तर पाऊल राहील.

शनिवारी दहाच्या बसने दोमनिका आली. ठेवणीतला काळा रुमाल डोक्याला, आणि मांडीवर सांभाळत आणलेलं ताट. तिने पलंगाशी उभं राहून फडकं उचललं. इस्पितळात मेणबत्ती पेटवू देत नाहीत म्हणून तिने ती नुसतीच खोचली होती.

"लवकर बरी हो," ती म्हणाली. "घे. लिविउचं आहे."

साफ्ताने हात पांघरुणाबाहेर काढले आणि पुन्हा आत घेतले.

"नको," ती म्हणाली.

"काय नको?"

"ताट नको, दोमनिका. मी खाणार नाही. मला साखर आहे. सप्टेंबरपासून माहीत आहे मला. बोट त्यानेच गेलं." ती थांबली असती तर भागलं असतं, पण इतक्या महिन्यांचं एकदम बाहेर पडलं. "आणि तो उपाशी होता ते खरं होतं. तीन शनिवार मी त्याचं ताट कोंबड्यांना घातलं. तुला खोटी शपथ दिली."

दोमनिका ताट धरून तशीच उभी राहिली. मग ती वळली, शेजारच्या पलंगावरच्या अनोळखी म्हातारीपुढे तिने ताट धरलं आणि म्हणाली, "लिविउचं आहे. माझा मुलगा." म्हातारी गडबडीने उठून बसली, म्हणाली, "देव त्याला क्षमा करो," आणि खाऊ लागली. ती संपवेपर्यंत दोमनिका उभी होती. साफ्ताकडे तिने बघितलं नाही. जातानाही नाही.

पाऊल राहिलं. ऑरिका म्हणाली, "सुटलीस एकदाची त्या ताटातून." साफ्ताने फोन ठेवला आणि ती ढसाढसा रडली. घरी आल्यावर तिने कागदाप्रमाणे सगळं केलं. साखर उतरली, दोन झगे सैल झाले, चर्चमध्ये बायका म्हणाल्या की बारीक दिसतेस हं, छान दिसतेस. आयुष्यभर जे ऐकायला जीव तरसला होता ते आता मिळालं, आणि तिला त्याचा सुतळीच्या तोड्याएवढाही उपयोग नव्हता. शनिवारी खिडकीतून दिसायचं, दोमनिका ताट घेऊन कुंपणाच्या फटीवरून तशीच पुढे जायची, वरच्या आळीतल्या वेता नावाच्या बाईकडे. असे पाच शनिवार गेले.

सहाव्या शनिवारी साफ्ता थंडीतही कोवळं ऊन होतं म्हणून अंगणातल्या टेबलाशी घेवडा आणि कोबीची कोशिंबीर घेऊन बसली होती. चुलीशी उभं राहणं पायाला झेपत नव्हतं, दुसरं काही कारण नाही. फटीतून आधी डोकं आलं. हात रिकामे होते. दोमनिका बाकावर येऊन बसली.

"वेताकडे दिलं आज पण," ती म्हणाली.

"बरं केलंस."

"जेवते ती. चिवडत जेवते."

"स्वप्नात आला का गं?"

"नाही." तिने डोक्याचा रुमाल सारखा केला. "रागावलेय मी तुझ्यावर. अजून आहे. कोंबड्यांना काय गं? मला द्यायचंस ना परत, कुत्र्यासारखी हाकलायची होतीस मला, पण कोंबड्या?"

"हो," साफ्ता म्हणाली. "चुकलंच माझं."

"आणि तू लंगडत होतीस." दोमनिकाचा आवाज चिरकला. "पोस्टमन बाई म्हणाली, महिनाभर लंगडत होती, सगळ्या गावाला दिसत होतं. मी दर शनिवारी इथे, या बाकावर, तुझ्या समोर तासतासभर बसत होते. मला दिसलं नाही. तुला वाटायचं मी तुला बघतेय. मी तुला बघतच नव्हते गं साफ्ता. एकदासुद्धा नाही."

साफ्ताला हे ठाऊक नव्हतं असं नाही. कुठेतरी खोल ठाऊक होतंच. तरी ते कानांनी ऐकणं कापलेल्या बोटापेक्षा जास्त लागलं. घेवडा गार होत होता.

"मग आज कशाला आलीस?" तिने शेवटी विचारलं.

"अशीच. बसायला आले." दोमनिकाने नाक पुसलं आणि ताटाकडे बोट दाखवलं. "खा ना तू. थांबू नकोस माझ्यासाठी. काय आहे ते? घेवडा?"

"घेवडा."

"कांदा परतून घातलायस?"

"थोडासा."

दोमनिका तिच्याकडे बघत होती. तिच्या सैल झालेल्या गळ्याकडे, पांढऱ्या झालेल्या भुवयांकडे, टेबलाखाली पट्टीत गुंडाळलेल्या पायाकडे. साफ्ताने चमचा भरला. चार वर्षं ती याच बाकासमोर ताटं रिकामी करत आली होती, पण आज चमचा ताटावरच थांबला. इलारीच्या पाहुण्यांसमोर बसलेली ती बावीस वर्षांची पोरगी पुन्हा तिच्या जागी येऊन बसली. चमचा खाली ठेवून आत पळावं असं वाटलं, आणि पळता येण्यासारखा पाय नव्हता. तिने तो घास तोंडात घातला, दोमनिकाच्या डोळ्यांदेखत बराच वेळ चावला, आणि गिळला.